सगळ्यांकडे तोंड करून बसलेला माणूस

बेसबॉलमध्ये फील्डिंगला नऊ जण असतात आणि त्यातल्या आठांची तोंडं एकाच बाजूला, बॅटरकडे. एकटा कॅचर उलटा बसतो. त्याला पिचर दिसतो, पिचरच्या मागचे सगळे दिसतात, बेसवरचा, म्हणजे धाव पुरी करताना वाटेत लागणाऱ्या थांब्यावरचा, रनर किती पुढे सरकलाय ते दिसतं, आणि बॅटर तर इतका जवळ की त्याच्या पायाची बोटं बुटात आवळली तरी कळावं. आपला विकेटकीपरपण तसाच मैदान बघतो म्हणा, पण कीपर काही प्रत्येक बॉल कुठला टाकायचा ते बोलरला सांगत नाही. कॅचर सांगतो. उकिडवा बसून, दोन मांड्यांच्या मधे बोटं लपवून खुणा करतो, पिचर मान डोलावतो आणि मग बॉल येतो. म्हणजे मॅच टीव्हीवर दिसते पिचर आणि बॅटरची, पण ती चालवत असतो तो मुखवटा घालून बसलेला तिसराच माणूस.

मी ओसाकाला नोकरीसाठी आले तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. क्रिकेटवर वाढलेली मुलगी, बेसबॉल म्हणजे नुसती आडवीतिडवी बॅट फिरवणं असं वाटायचं. पण ऑफिसात एक वयस्कर सहकारी होते, लहानपणापासून नानकाई हॉक्स या टीमचे भक्त, जी टीम आता त्या नावाने अस्तित्वातच नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांचा विषय कायम एकच, कात्सुया नोमुरा. त्यांचं ऐकून ऐकून मीच शोधून वाचायला लागले, जुन्या मॅचेसची फुटेज बघायला लागले, आणि मग तो माणूस डोक्यातून गेलाच नाही. माझं काम टेस्टिंगचं आहे, दुसऱ्यांनी केलेल्या कामात कुठे काय हलतंय ते दिवसभर बघत बसायचं, त्यामुळे असेल कदाचित, पण नोमुराचं ते 'बघणं' मला फार जवळचं वाटलं.

आधी आकडे सांगून टाकते. जपानी प्रोफेशनल बेसबॉलमध्ये २६ सीझन, ३०१७ मॅचेस, ६५७ होम रन (आपल्या सिक्सरसारखे), २९०१ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं), १९८८ आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटमुळे आलेल्या धावा. होम रनमध्ये सदाहारु ओ (८६८) सोडला तर याच्या पुढे जपानमध्ये कोणी नाही. १९६५ साली ट्रिपल क्राऊन, म्हणजे बॅटिंग सरासरी, होम रन आणि आरबीआय तिन्हीत लीगमध्ये पहिला, महायुद्धानंतर जपानमध्ये असं पहिल्यांदा झालं. आणि हे सगळं कॅचर म्हणून, म्हणजे रोज शेकडो वेळा उठाबशा काढून, बोटांवर, खांद्यावर, मानेवर बॉल खाऊन.

पण मला भुरळ पडली ती आकड्यांची नाही, सुरुवातीची.

नोमुराचा जन्म १९३५ चा, क्योतो प्रांताच्या पार उत्तरेला, जपान समुद्राच्या काठावरच्या आमिनो गावात. तान्गो भाग हा, रेशमी चिरिमेन कापडासाठी प्रसिद्ध. वडील चीनमधल्या युद्धात गेले तेव्हा हा जेमतेम तीन वर्षांचा. आई नर्स होती, तिला कॅन्सर झाला, घरात पैसा नाही, हा पोरगा पेपर टाकायचा, लोकांची मुलं सांभाळायचा. आई म्हणाली शाळा सोड, कामाला लाग. तेव्हा मोठा भाऊ मधे पडला, मी कॉलेजला जात नाही पण याला हायस्कूलला जाऊ दे म्हणाला. त्या भावाबद्दल कुठेही दोन ओळींपेक्षा जास्त वाचायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण तो नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

हायस्कूल संपत आल्यावर कुठल्या टीमची टेस्ट द्यायची हे या मुलाने कसं ठरवलं ते बघा. आवडती टीम टोकियोची योमिउरी जायंट्स, सगळ्या देशाचीच लाडकी. पण तिथे नुकताच एक चांगला तरुण कॅचर आलाय, म्हणजे आपली डाळ शिजणार नाही. मग याने सगळ्या टीम्सचे कॅचर किती वयाचे आहेत ते तपासलं आणि जिथला कॅचर तिशीकडे झुकलाय अशा टीम काढल्या, त्यात ओसाकाची नानकाई. गावातला, फाटका, अठरा वर्षांचा पोरगा, आणि त्याची पहिली खेळी ही अशी.

टेस्ट पास झाला, १९५४ साली टीममध्ये आला, आणि मग कळलं की आपल्याला खेळायला घेतलेलंच नाहीये. पिचर लोकांना सराव करायला समोर कोणीतरी बॉल झेलणारा लागतो, त्याला तिकडे 'भिंत' म्हणतात. याला भिंत म्हणून घेतलेलं. पहिल्या सीझनला नऊ मॅचेसमध्ये तोंड दाखवायला मिळालं, हिट एकही नाही, आणि वर्ष संपल्यावर ऑफिसात बोलावून सांगितलं की तुझ्यात ते नाही, लवकर जा म्हणजे दुसरं काहीतरी बघता येईल. नोमुराने तिथेच रडून-भांडून सांगितलं की काढलंत तर नानकाईच्या ट्रेनखाली जीव देईन (टीमची मालक कंपनी रेल्वेची). शेवटी ठेवला एक वर्ष. मग रात्री बाकीचे बाहेर भटकायला गेले की हा हॉस्टेलच्या अंगणात बॅट फिरवत बसायचा. १९५६ च्या हवाईच्या कॅम्पमध्ये संधी मिळाली, जागा पक्की झाली, आणि १९५७ मध्ये हा लीगचा होम रन किंग. तीन वर्षांपूर्वी भिंत होता.

इथपर्यंतची गोष्ट जिद्दीची आहे आणि जिद्दीच्या गोष्टी पुष्कळ असतात. माझ्यासाठी खरा नोमुरा यानंतर सुरू होतो, कारण यानंतर तो अडकला. पिचर लोकांनी त्याचं कच्चं कुठे आहे ते ओळखलं. त्याला कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, खेळता येईना. प्रेक्षकांतून ओरडायचे, नोमुराला कर्व्ह जमत नाही रे! सराव वाढवला तरी उपयोग नाही, बॅट आधीपेक्षा जास्त फिरवतोय आणि आकडे घसरतायत. तेव्हा त्याच्या हाताला टेड विल्यम्स या अमेरिकन बॅटरचं लिखाण लागलं. त्यात एक मुद्दा होता की पिचर बॉल सोडायच्या आधीच बारीक हालचालीतून सांगून जातो काय टाकणार ते, बघणाऱ्याला दिसतं. नोमुराने हे धरून ठेवलं. मला कर्व्ह खेळता येत नाही ना, ठीक आहे, पण कर्व्ह येणार हे आधी कळलं तर?

त्या वेळी लीगमधला सगळ्यात भारी पिचर म्हणजे निशितेत्सु लायन्सचा काझुहिसा इनाओ, ज्याने १९६१ च्या एका सीझनमध्ये ४२ मॅचेस जिंकून दिल्या. त्याच्याकडे काही लकब दिसतच नव्हती. नोमुराने ओळखीच्या माणसाला सांगून नेटच्या मागून इनाओची १६ मिलिमीटरची फिल्म काढून घेतली आणि ती घरी पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा चालवून बघितली. आज प्रत्येक टीमकडे व्हिडिओवाल्यांची फौज असते, पण हे साठ वर्षांपूर्वीचं आहे, एका खेळाडूने स्वतःच्या डोक्याने केलेलं. आणि सापडलं. हात वर नेताना हातातल्या बॉलचा पांढरा भाग किती दिसतो त्यावरून बॉल अंगाकडे येणार की नाही ते ओळखता यायचं. एवढंच. नखभर पांढरं. त्यावर नोमुराने इनाओला झोडला.

मग काय झालं, तर ऑलस्टार मॅचला हे सगळे एकाच बाजूने खेळणार, बाकावर नोमुरा, इनाओ आणि नोमुराच्याच टीमचा पिचर सुगिउरा. हा सुगिउराही दिग्गज, १९५९ ला ३८ विजय ४ पराभव आणि वर जपान सिरीजच्या, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या, चारही मॅचेस एकट्याने जिंकलेल्या. तर सुगिउरा गप्पांच्या ओघात इनाओला बोलून गेला की हा नोमुरा तुझा फार अभ्यास करतो हं. इनाओचा चेहराच बदलला. त्यानंतर ते दोघं समोरासमोर आले तेव्हा नोमुराचा अंदाज साफ फसला आणि इनाओ त्याच्याकडे बघून हसला. मला हा किस्सा फार आवडतो, कारण इथून ते नुसतं बघणं राहिलं नाही, तो मला बघतोय हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे, असा डाव सुरू झाला, आणि नोमुराचं सगळं आयुष्य मग त्या डावात गेलं.

कॅचर म्हणून बसल्यावर बॅटरच्या कानाशी कुजबुजायची त्याची सवय तर दंतकथाच झाली. तुझा स्टान्स आज वेगळा वाटतोय, काल रात्री अमुक ठिकाणी होतास म्हणे, असं काहीतरी, आणि माहिती खरी, कारण ती तो बारमध्ये जाऊन गोळा करायचा. बॅटर चिडायचे. शिगेओ नागाशिमावर मात्र याचा काही परिणाम व्हायचा नाही, तो भलतंच काहीतरी उत्तर द्यायचा आणि बॉल मारायचा.

नागाशिमा आणि ओ. जायंट्सचे हे दोघे म्हणजे त्या काळचा जपान. टीव्हीवर रोज जायंट्स, पेपरात रोज जायंट्स, आणि नोमुरा दुसऱ्या लीगमध्ये, पॅसिफिकमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये. १९६३ ला त्याने सीझनला ५२ होम रन मारून विक्रम केला, पुढच्याच वर्षी ओने ५५ मारले. १९७५ मध्ये सहाशेवा होम रन मारला तेव्हाही तुरळक प्रेक्षक होते, आणि ओ तिथे आधीच पोचलेला. त्या दिवशी नोमुरा पत्रकारांना म्हणाला की ते दोघं उन्हात फुलणारी सूर्यफुलं आहेत, मी जपान समुद्राच्या काठावर फुलणारं त्सुकिमिसो. संध्याकाळी उमलणारं साधं फूल ते, त्याच्या गावाकडे दिसणारं. जपानमध्ये हे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे आणि बहुतेक जण ते नम्रता म्हणून सांगतात. मला नाही तसं वाटत. ते दुखणं आहे. त्या माणसाला सलत होतं, आयुष्यभर सललं, आणि त्याने ते लपवलं नाही. मला तो त्यासाठी जास्त आवडतो, कारण ज्यांचं काम दिसत नाही त्यांनी वर समाधानीही असावं अशी आपली सगळ्यांचीच अपेक्षा असते, आणि ती अन्यायाची आहे.

१९७० मध्ये नानकाईने त्यालाच मॅनेजर केलं. खेळायचंही आणि टीम चालवायचीही. म्हणजे कॅचर हाच, चौथ्या नंबरचा बॅटर हाच, मॅनेजरही हाच. त्याने अट घातली की डॉन ब्लेझिंगेम हा अमेरिकन, ज्याला सगळे ब्लेझर म्हणायचे, तो हेड कोच पाहिजे. ब्लेझरने डोकं वापरून खेळायचं म्हणजे काय ते शिकवलं आणि नोमुरा ते टिपत गेला. समोर हांक्यू टीमचा युताका फुकुमोतो, १९७२ ला त्याने एका सीझनमध्ये १०६ बेस चोरले, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला. नोमुराचा हात काही फार जोरदार नव्हता, मग त्याने विचार उलटा केला, थ्रो जोरात होत नसेल तर पिचरने बॉल लवकर सोडायचा. आपल्या पिचर लोकांना पाय कमी उचलून झटकन टाकायला लावलं. आज जपानमध्ये शाळेतली मुलंसुद्धा बेसवर रनर असला की असंच टाकतात.

१९७३ चा सीझन दोन भागांत होता. पहिला भाग नानकाईने जिंकला, दुसऱ्या भागात हांक्यूविरुद्ध १३ मॅचेस खेळले आणि त्यातल्या १२ हरले, एक बरोबरीत. सगळे म्हणाले संपलं. आणि दोन भागांच्या विजेत्यांमधल्या प्लेऑफमध्ये त्याच हांक्यूला ३-२ ने हरवून लीग जिंकली. मेल्याचं सोंग, असं लोक म्हणाले.

पण मॅनेजर नोमुराचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दुसऱ्यांनी टाकून दिलेले खेळाडू तो उचलायचा. ताकेनोरी एमोतो आला तेव्हा आधीच्या टीममध्ये त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. नोमुरा त्याला म्हणाला, मी कॅच करतो, तू दहाच्या वर जिंकशील. १९७२ ला एमोतो १६ जिंकला. युताका एनात्सु, एके काळचा महान स्टार्टर, म्हणजे मॅचच्या सुरुवातीपासून टाकणारा पिचर, हात कामातून गेलेला, मानी माणूस. त्याला सांगितलं की शेवटच्या इनिंगपुरतं ये. त्या काळी रिलीफला, म्हणजे दुसऱ्या पिचरच्या जागी मधूनच, जाणं म्हणजे पायउतार होणं. एनात्सु ऐकेना. नोमुराने महिनोन्‌महिने समजावलं, शेवटी म्हणाला, बेसबॉलमध्ये क्रांती करू आपण. क्रांती हा शब्द एनात्सुला लागला, आणि १९७७ ला तो लीगमध्ये सगळ्यात जास्त सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेले विजय, असलेला पिचर होता. कोणाला काय बोललं की पटेल हेही बघूनच कळतं ना.

त्याच वर्षी सीझन संपायच्या आत नोमुराला काढलं. नंतर जी त्याची बायको झाली ती साचियो, तिची टीमच्या कारभारात ढवळाढवळ होते असा आरोप. भांडण इतकं कडू झालं की पुढे कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी एकमेकांचं नाव घेतलं नाही. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनला लागून आता नाम्बा पार्क्स नावाचा मोठा मॉल आहे, तिथेच नानकाईचं स्टेडियम होतं. मॉलच्या फरशीत होम प्लेट आणि पिचरची प्लेट जिथल्या तिथे खुणेसाठी बसवल्यात. लोक पिशव्या घेऊन त्यावरून चालत जातात. मी त्या होम प्लेटच्या मागे उकिडवी बसून पाहिलंय, समोर पिचरची प्लेट जेमतेम अठरा मीटर लांब, आणि तेवढ्या अंतरातून येणाऱ्या बॉलबद्दल हा माणूस इतका विचार करायचा. वर नवव्या मजल्यावर हॉक्सची आठवण म्हणून गॅलरी आहे, २००३ पासून. तिच्यात नोमुराचं नावही नव्हतं. टीमच्या इतिहासातला सर्वात मोठा खेळाडू आणि भिंतीवर त्याची जागा कोरी. २०२१ मध्ये लोकवर्गणी काढून गॅलरी नव्याने मांडली तेव्हा नोमुरा तिथे आला, आणि त्यासाठी पुढे झालेला माणूस तोच, एमोतो. नोमुरा तोवर गेलेला होता, ११ फेब्रुवारी २०२० ला, ८४ व्या वर्षी.

नानकाईने काढल्यावर तो लोट्टे टीमकडे गेला, मग सेइबूकडे, साधा खेळाडू म्हणून. मॅनेजर राहिलेला माणूस चाळिशी उलटून परत मुखवटा घालून बसतो हे लोकांना बघवत नव्हतं, तो म्हणायचा मी जन्मभर कॅचरच आहे. १९८० च्या सप्टेंबरमध्ये एका मॅचला आठवी इनिंग, टीम मागे, बेस भरलेले, याची बॅटिंग, आणि मॅनेजरने याच्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं. बाकावर बसलेल्या नोमुराच्या मनात आलं, फसू दे. आणि तो फसलाच, डबल प्ले झाला, एकाच बॉलवर दोघं बाद. नोमुराला वाटलं, बरं झालं. मग गाडीने घरी जाताना लक्षात आलं की आपण आपल्याच टीमचं वाईट चिंतलं. तिथेच ठरवलं, बास. ४५ वर्षांचा होता. हे त्याने स्वतः सांगितलंय, अनेकदा. इतका कडक बघणारा माणूस स्वतःकडेही तसंच बघायचा.

नंतर तो टीव्हीवर आला, स्क्रीनवर स्ट्राइक झोनचे, म्हणजे बॉल जिथून जायला हवा त्या बॅटरसमोरच्या चौकटीचे, नऊ चौकोन पाडून पुढचा बॉल कुठे येईल ते आधीच सांगायचा, आणि यायचाही तिथेच. त्यातून १९९० ला याकुल्ट स्वॅलोजने मॅनेजर म्हणून बोलावलं. सदा तळाला असणारी टीम. अॅरिझोनातल्या युमाला कॅम्प, रोज रात्री मीटिंग, आणि पहिल्यांदा हा बेसबॉलबद्दल बोललाच नाही, माणूस कशासाठी जगतो यावर बोलला आणि सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावलं. आत्सुया फुरुता नावाचा चष्मेवाला नवा कॅचर होता, चष्म्यामुळेच आधी त्याला कोणी घेतला नव्हता. नोमुराने त्याला बाकावर आपल्याजवळ बसवलं आणि प्रत्येक इनिंगनंतर विचारायचं, तो बॉल का मागितलास? कारण नीट सांगता आलं नाही की सगळ्यांसमोर बोलणी. माणसांना असं चारचौघांत बोलणं मला पटत नाही, आणि नोमुरा ते शेवटपर्यंत करत राहिला, काही जणांनी ते कधीच विसरलं नाही. फुरुताने मात्र पुढच्याच वर्षी ०.३४० ची सरासरी काढून बॅटिंगचा किताब घेतला. १९९२ ला याकुल्ट लीग जिंकली, जपान सिरीजमध्ये सेइबूकडून ३-४ हरली, १९९३ ला त्याच सेइबूला ४-३ ने हरवलं. सेइबूचा मॅनेजर मासाआकी मोरी, तोही जुना कॅचर, जायंट्सचा. दोन कॅचर दोन वर्षं एकमेकांचं डोकं वाचत बसलेले. पुढे १९९५ आणि १९९७ ला परत विजेतेपद.

आणि १९९७ चा पहिला दिवस! ताकेहिको कोहायाकावा, हिरोशिमाने सोडून दिलेला, नोमुराने घेतलेला. समोर जायंट्सचा मासाकी साइतो, त्या काळचा राजा. नोमुराने साइतोच्या सवयी सांगून ठेवलेल्या, आणि या टाकून दिलेल्या माणसाने ओळीने तीन होम रन मारले त्याला. मी ते फुटेज कितीदा पाहिलंय, दर वेळी अंगावर काटा येतो.

पुढे हानशिन टीमचा मॅनेजर झाला, तिथे मात्र जमलं नाही, १९९९ ते २००१ तिन्ही वर्षं शेवटचा नंबर, आणि बायकोला करचुकवेगिरीत अटक झाल्यावर राजीनामा. सत्तरीत राकुतेनने बोलावलं, २००६ मध्ये, नवी टीम, आधीच्या सीझनला ९७ मॅचेस हरलेली. तिथेही तेच, दुसऱ्यांनी संपला म्हटलेला ताकेशी यामासाकी २००७ ला ३८ व्या वर्षी ४३ होम रन मारून लीगमध्ये पहिला. २००९ ला टीम दुसरी आली आणि तरी करार वाढवला नाही. शेवटची मॅच सापोरोला हरले, आणि मग दोन्ही टीमच्या खेळाडूंनी मिळून त्याला हवेत उडवलं, समोरच्या टीममध्येही त्याचे विद्यार्थी होते ना.

मॅनेजर म्हणून त्याचा हिशोब १५६५ विजय, १५६३ पराभव. फक्त दोन जास्त. हा आकडा कोणी कमीपणाने सांगितला की माझा जीव तुटतो. कुठल्या टीम घेतल्या होत्या ते बघा ना आधी. आणि माणसं मोजा. आत्सुनोरी इनाबा, ज्याला नोमुराने स्वतःच्या मुलाची कॉलेज मॅच बघायला गेल्यावर समोरच्या टीममध्ये हेरला, तो २०२१ ला जपानच्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या टीमचा मॅनेजर होता. आणि त्याच वर्षी याकुल्ट जपान सिरीज जिंकली तेव्हा मॅनेजर होता शिंगो ताकात्सु. त्याच्या बॉलला फार वेग नव्हता, म्हणून नोमुराने त्याला सांगितलं होतं की मग आणखी हळू टाकायला शीक. ताकात्सु तो हळू सिंकर, म्हणजे शेवटी खाली बुडणारा बॉल, शिकला आणि त्याच्या जोरावर क्लोजर झाला, म्हणजे मॅच संपवायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो.